घेऊन झाल्यावर

दुकानात गिऱ्हाईक वाढले की दुकानदार खूष होतो. इंटरनेटवर फाईल वाटणाऱ्याची गत मात्र एके काळी याच्या नेमकी उलट होती. वाटणारा संगणक एक आणि मागणारे हजार. मग प्रत्येकाच्या वाट्याचा वेग घटत जायचा आणि शेवटी वाटणाराच थकून बसायचा. वस्तू जितकी लोकप्रिय, तितकी ती मिळणे कठीण! हे कोडे २००१ साली ब्रॅम कोहेन या अमेरिकन प्रोग्रामरने सोडवले. त्याच्या युक्तीचे नाव बिटटॉरेंट.

त्याआधी १९९९ साली नॅप्स्टर निघाले होते. गाणी लोकांच्या घरोघरी, पण कोणाकडे काय आहे याची यादी एकाच ठिकाणी. गाण्यांच्या कंपन्या कोर्टात गेल्या, आणि २००१ मध्ये ते दुकान बंद झाले. कोहेनचे लक्ष यादीपेक्षा वाटपाकडे होते. त्याने फाईलचे लहान लहान तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्याची गणिताने काढलेली खूण आधीच नोंदलेली असते, त्यामुळे खोटा तुकडा तत्काळ ओळखू येतो. तुकडा हाती पडला की घेणाराच देणारा होतो. म्हणजे मागणारे वाढले, की देणारेही वाढले!

यात दोन नियम मोठे शहाणपणाचे आहेत. जो तुकडा सर्वांत दुर्मिळ, तो आधी घ्यायचा. आणि जो आपल्याला देतो, त्याला आपण आधी द्यायचे. आपले शेतकरी सावड करतात, तिचाच हा मासला.

पण सावडीला गाव साक्षी असते. इथे कोण कोणाला ओळखतो? फाईल पुरी झाली, की जशास तसे हा नियम संपतो. पुढे देत राहण्याची सक्ती कोणावर नाही. ज्याच्याकडे फाईल पूर्ण आहे, त्याला या मंडळींत ‘सीड’ म्हणजे बी म्हणतात. सगळी बियाणी उठून गेली आणि एखादा तुकडा कोणाकडेच उरला नाही, तर शेकडा नव्याण्णव भाग मिळूनही हात रिकामेच.

तेव्हा खरा प्रश्न असा, की देणे स्वस्त कसे करावे? याचे एक उत्तर मला ‘आरटॉरेंट’ या प्रोग्रामात दिसते. त्याच्या कर्त्याने टोपणनाव घेतले आहे ‘राक्षस’. पण खाणे मात्र चिमणीचे! चित्रे नाहीत, खिडक्या नाहीत, माऊसचे काम नाही. काळ्या पडद्यावर अक्षरांच्या चार ओळी: नाव, किती आले, किती गेले, वेग काय. कंट्रोलसह एस दाबले की काम सुरू, डी दाबले की थांबले. अक्षरांनी पडदा मांडण्याची ही विद्या जुनी आहे. १९८० च्या सुमारास बर्कले येथे केन अर्नोल्ड याने ‘कर्सेस’ नावाची जी सामग्री रचली, तिचाच हा वंश.

माझ्या घरी अडगळीत जाऊ पाहणाऱ्या एका संगणकावर तो चालतो. लिनक्सच्या फाईली तो अनोळखी माणसांना देत बसतो, आणि मला त्याची आठवणही होत नाही.

या वाटेने चोरीचा मालही पुष्कळ गेला, हे नाकारण्यात अर्थ नाही. ‘पायरेट बे’ चालवणाऱ्यांना २००९ साली स्टॉकहोमच्या न्यायालयाने शिक्षा दिली. पण त्याच वाटेने २०१२ साली इंटरनेट आर्काइव्ह या ग्रंथसंग्रहाने आपला दहा लाखांहून अधिक पुस्तके, ध्वनिमुद्रणे आणि चित्रपटांचा ठेवा जगाला खुला केला. रस्ता दोघांनाही सारखाच.

कोहेनच्या गणिताने माणसाला देवघेव शिकवली. घेऊन झाल्यावरही देत राहावे, हे मात्र कोणतेही गणित शिकवू शकत नाही. ते ज्याचे त्याने ठरवायचे. साध्या अवजाराने एवढेच केले, की ‘परवडत नाही’ ही सबब काढून घेतली.