भाष्यावर टीका, टीकेवर टिप्पणी: द्वैताचा पाच मजली वाडा

आजचा भाग ऐकून काही जण म्हणतील, 'टीकेवर टीका, तिच्यावर आणखी टीका, हा काय प्रकार?' तर तेच आज बघूया.

सुरुवात एका संधीपासून. 'तत्त्वमसि' आपल्याला माहीत आहे. ते तू आहेस, म्हणजे जीव आणि ब्रह्म एकच, असा अद्वैताचा अर्थ. पण उपनिषदात त्याच्या लगेच आधी 'आत्मा' हा शब्द येतो. आता 'आत्मा' आणि 'अतत्' जोडले, तरी ऐकायला तेच येतं! उडुपीच्या मध्वाचार्यांनी (1238-1317) तसंच वाचलं: ते तू नाहीस. एका 'अ'ने सगळं उलटलं. त्यांच्या मते ईश्वर, जीव आणि जड यांच्यातले पाच भेद खरे आहेत, भास नाहीत. आणि भेद खरा नसेल, तर भक्ती कुणी कुणाची करायची?

पण नुसतं म्हणून भागत नाही, सिद्ध करावं लागतं. मध्वांनी ब्रह्मसूत्रांवर एक नाही, चार ग्रंथ लिहिले. अडचण अशी की त्यांची शैली फार त्रोटक. प्रतिपक्षाचं नावही न घेता अर्ध्या ओळीत खंडन करून ते पुढे जातात. वाचणाऱ्याला कळावं कसं?

इथे चौदाव्या शतकातले जयतीर्थ येतात. परंपरा त्यांचं मूळ गाव आपलं मंगळवेढं सांगते. त्यांनी सूत्रभाष्यावर 'तत्त्वप्रकाशिका' आणि पद्यातल्या 'अनुव्याख्याना'वर 'न्यायसुधा' लिहिली. प्रत्येक शब्द का आला, कोणत्या मताला उत्तर म्हणून आला, हे त्यांनी उलगडून दाखवलं. म्हणून ते 'टीकाचार्य'. सुधा तरी शिकावी, नाहीतर पृथ्वीचं राज्य तरी करावं, असं पंडित म्हणत!

आता मजले मोजा. बादरायणांची सूत्रं. त्यावर मध्वभाष्य. त्यावर तत्त्वप्रकाशिका. तिच्यावर विजयनगरच्या व्यासतीर्थांची 'तात्पर्यचंद्रिका'. आणि चंद्रिकेवर मंत्रालयाच्या राघवेंद्र स्वामींचा 'प्रकाश'. राघवेंद्र स्वामींना आपण नवसासाठी ओळखतो, पण ते कसलेले टीकाकार होते, हे किती जणांना ठाऊक आहे?

हे घोकणं होतं का? मुळीच नाही. व्यासतीर्थांनी 'न्यायामृत' लिहून अद्वैतावर हल्ला चढवला. जग मिथ्या म्हणता, तर 'मिथ्या' म्हणजे नेमकं काय, ते आधी सांगा! मधुसूदन सरस्वतींनी 'अद्वैतसिद्धी'त त्याला मुद्देसूद उत्तर दिलं. द्वैताच्या बाजूने रामाचार्यांची 'तरंगिणी' आली, आणि तिला अद्वैती ब्रह्मानंदांनी उत्तर दिलं. पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं हे भांडण, पण शिस्त बघा. खोडायचं तर आधी समोरच्याचं म्हणणं नीट मांडायचं. त्याला पूर्वपक्ष म्हणतात. या वादात अद्वैत्यांनाही आपल्या व्याख्या अधिक काटेकोर कराव्या लागल्या.

टीकाकार स्वतःला मूळ ग्रंथाच्या पायाशी बसवतो आणि तिथूनच नवा विचार मांडतो. म्हणून या ग्रंथांकडे 'पुनरुक्ती' म्हणून पाठ फिरवली, तर भारतीय तर्कशास्त्राचा मोठा हिस्सा आपण न वाचताच टाकून देतो. हाताशी मूळ संस्कृत नसेल तर अनुवाद घ्या, पण एखादा पूर्वपक्ष सावकाश वाचून बघा. भेटू पुढच्या भागात.