आईच्या माथीं आलेला दोष

मूल बोलत नाहीं, नजरेला नजर देत नाहीं, हांक मारली तरी वळून पाहत नाहीं. अशा मुलास उपचारासाठीं नेणारे आईबाप डॉक्टरच्या दारीं कोऱ्या मनानें जात नाहींत. दुखणें कशानें आलें, याचा निवाडा त्यांच्या समाजानें आधींच करून ठेवलेला असतो. स्वमग्नतेच्या, म्हणजेच ऑटिझमच्या, इतिहासांत याचा पडताळा दोन देशांत अगदीं उलट रीतींनीं येतो.

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे डॉक्टर लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं ११ मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें. विकार उपजत असावा, असें त्यांनीं लिहिलें. पण आईबापांच्या थंड वृत्तीकडेही बोट दाखविलें. अमेरिकेंत फोफावलें तें हें दुसरें मत. बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञांनीं १९६४ सालीं त्यास ग्रंथरूपानें आव्हान दिलें. त्यांचा स्वतःचाच मुलगा स्वमग्न होता. तरीही १९६७ सालीं शिकागोचे ब्रूनो बेटलहाइम यांनीं आपल्या ग्रंथांत दोष आईबापांच्या, विशेषतः आईच्या, माथीं मारला. आधींच खचलेली आई आतां आरोपी ठरली. अखेर १९६९ सालीं कॅनर यांनींच पालकांच्या सभेंत त्यांस दोषमुक्त केलें, आणि १९७७ सालीं जुळ्यांच्या २१ जोड्यांच्या अभ्यासानें अनुवंशाचा मोठा वांटा दाखवून दिला.

दक्षिण कोरियांत मात्र निराळेंच घडलें. मानवशास्त्रज्ञ रॉय रिचर्ड ग्रिंकर हे एका स्वमग्न मुलीचे वडील. त्यांनीं २००७ सालच्या ग्रंथांत नोंदविलें कीं, तेथील अनेक माता स्वमग्नतेपेक्षां 'मायेच्या अभावीं जडलेला विकार' हें निदान पत्करीत. विकार रक्तांतला म्हटला कीं कुळाला बट्टा लागे आणि भावंडांचीं लग्नें अडत. दोष आईचा म्हटला तर बट्टा तिच्या एकटीपुरता राही. शिवाय मायेनें उणें पडलेलें मायेनेंच भरून निघेल, अशी आशाही उरे. अमेरिकेंत डॉक्टरांनीं लादलेला आरोप कोरियांत आईनेंच ढाल म्हणून हातीं घेतला.

या ढालीची किंमत मुलांस मोजावी लागली. गोयांग शहरांतील ७ ते १२ वर्षांच्या मुलांची पाहणी २०११ सालीं प्रसिद्ध झाली. तींत स्वमग्नतेचें प्रमाण २.६४ टक्के आढळलें. त्यांतील सुमारें दोन-तृतीयांश मुलें निदानावांचून व उपचारावांचून साध्या शाळांत बसत होतीं.

अशा आईस अडाणी म्हणणें सोपें आहे. पण घराण्याचें नांव आणि धाकट्या मुलीचें लग्न, ही काळजी मराठी घरांसही परकी नाहीं. म्हणून आईबापांची समजूत खोडून काढण्यापूर्वीं ती घरांतल्या कोणाचें रक्षण करीत आहे, हें उपचार करणाऱ्यानें विचारावें. त्याचें उत्तर मिळालें, तरच मुलावर उपचार करण्याची वाट मोकळी होते.