हवेत बोट ठेवायचं कुठे? क्लारा रॉकमोर आणि थेरमिनची गोष्ट

एपिसोडच्या सुरुवातीला जो तुकडा वाजला, तो ऐकून तुम्हाला काय वाटलं? चेलो? की कुणी बाई नुसत्या आकारात गातेय असं? मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला गाणंच वाटलं होतं. ते आहे सेंट-साँसचं ‘द स्वान’, आणि ज्या वाद्यावर ते वाजतंय त्याला वाजवणारी बाई हातही लावत नाहीये. वाद्याचं नाव थेरमिन. बाईचं नाव क्लारा रॉकमोर. मागे पियानोवर आहे तिची सख्खी बहीण, नादिया रायझेनबर्ग.

आधी एक कबुली. मागच्या वर्षी मी एक छोटं थेरमिन विकत घेतलं. माझं लॉजिक साधं होतं: सर्किट मला कळतं, लहानपणी चार वर्षं पेटी शिकलोय, मग अवघड काय आहे? पहिल्या दिवशी अर्धा तास खटपट करून कसाबसा सा लावला. तेवढ्यात आई चहा घेऊन मागून आली आणि माझ्या साचा रे झाला. आईने वाद्याला हात लावला नव्हता हं. ती फक्त जवळ आली होती.

हे असं का होतं? थेरमिनच्या पेटीत दोन ऑसिलेटर असतात. दोघंही इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीला चालतात की आपल्या कानाला काहीच ऐकू येत नाही. समजा एक चालतोय सेकंदाला 3,00,000 वेळा आणि दुसरा 2,99,560 वेळा. दोन्ही सिग्नल एकमेकांत मिसळले की त्यांच्यातला फरक, म्हणजे 440, ऐकू येतो. पहिला ऑसिलेटर ठरलेल्या जागी स्थिर. दुसरा जोडलेला असतो उभ्या अँटेनाला. ती अँटेना आणि तुमचा हात मिळून एक कपॅसिटर तयार होतो. हात जवळ नेला की फरक वाढतो आणि सूर चढतो. डाव्या बाजूला एक आडवी कडी असते, तिच्यावर आवाज लहान-मोठा करायचा. पण त्या सर्किटला ‘हात’ नावाची गोष्ट माहीत नाही. मान, कोपर, दीर्घ श्वास घेताना फुगलेली छाती, मागून आलेली आई, सगळंच त्याच्या हिशोबात धरलं जातं.

म्हणजे मुळात हा एक सेन्सर आहे, आणि तो जन्मालाही तसाच आला. 1920 साली पेट्रोग्राडच्या प्रयोगशाळेत लेव्ह तेरमेन नावाचा विशीतला भौतिकशास्त्रज्ञ वायूंचे विद्युत गुणधर्म मोजायचं उपकरण बनवत होता. हात जवळ गेला की उपकरणाचा आवाज बदलतो, हे त्याच्या लक्षात आलं. दुसऱ्या कुणी याला बग म्हणून वैतागून टाकलं असतं. तेरमेन चेलो शिकलेला होता. त्याने त्याच आवाजावर गाणं वाजवून बघितलं.

1922 मध्ये त्याने ते क्रेमलिनमध्ये लेनिनला दाखवलं, आणि लेनिनने स्वतःही वाजवून पाहिलं. 1927 मध्ये तेरमेन युरोपात गाजला आणि त्या वर्षाच्या शेवटी न्यूयॉर्कला पोचला. अमेरिकेत त्याचं नाव झालं लिऑन थेरमिन. 1928 मध्ये पेटंट मिळालं, आणि 1929 मध्ये आरसीए या रेडिओ कंपनीने हे वाद्य बाजारात आणलं. जाहिरातीचा रोख काय होता माहितीये? गुणगुणता येतं? शीळ वाजवता येते? मग तुम्हाला हेही वाजवता येईल! ना पट्ट्या, ना तारा, ना वर्षानुवर्षांचा रियाज.

विकली गेली किती? मुळात बनलीच जेमतेम पाचशे. त्याच ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला, हे खरंच आहे, आणि वाद्य महागही होतं. पण माझ्या मते खरं कारण ती जाहिरातच होती. लोकांनी पेटी घरी आणली, हात हलवला आणि मांजर भांडल्यासारखा आवाज आला. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की हे शिकावं लागतं. आणि सांगणार तरी कोण? शिकवणारा कुणी अजून तयारच झाला नव्हता.

इथे आपल्या गोष्टीत क्लारा येते.

क्लारा रायझेनबर्ग, जन्म 1911, गाव व्हिल्नियस. चार-पाच वर्षांची असताना तिला सेंट पीटर्सबर्गच्या कॉन्झर्व्हेटरीत प्रवेश मिळाला, तोही लिओपोल्ड आउअर यांच्याकडे. आउअर म्हणजे व्हायोलिनच्या दुनियेतलं मोठं घराणंच म्हणा, हायफेट्झ त्यांचाच शिष्य. पुढे क्रांती, उपासमार, स्थलांतर. 1921 मध्ये कुटुंब अमेरिकेत पोचलं आणि क्लारा तिथे पुन्हा आउअर यांच्याकडेच शिकू लागली. पण लहानपणच्या कुपोषणाने हाडं कमजोर झाली होती. गज धरायचा हात दुखायला लागला आणि विशीच्या आतच व्हायोलिन सोडावं लागलं. विचार करा, चौथ्या वर्षापासून जे एकच काम केलं ते कायमचं बंद. कान तयार, डोक्यात सगळं संगीत तयार आणि हातच साथ देत नाही.

याच सुमारास तिची तेरमेनशी भेट झाली. या वाद्याला गज नव्हता, ताकद लागत नव्हती. तो तिच्या प्रेमातही पडला होता. तिच्या अठराव्या वाढदिवसाला त्याने म्हणे असा केक बनवला की कुणी जवळ गेलं की तो फिरायचा. (सेन्सरवाल्या माणसाचा रोमान्स असाच असणार!) लग्नाला मात्र तिने नकार दिला आणि पुढे रॉकमोर नावाच्या वकिलाशी लग्न केलं. पण तेरमेनकडून तिला एक गोष्ट हवी होती: तिच्या मापाचं वाद्य.

हा भाग मला इंजिनिअर म्हणून सगळ्यात जास्त आवडतो. क्लाराने सरळ मागण्यांची यादी दिली. तीन सप्तकं पुरत नाहीत, पाच पाहिजेत. आवाज कमी-जास्त व्हायला वेळ लागतो, डावा हात हलला की तत्क्षणी फरक पडला पाहिजे, नाहीतर तुटक सूर वाजणार कसे? आणि पेटीची उंची कमी करा, प्रेक्षकांना मी दिसले पाहिजे. तेरमेनने हे सगळं करून दिलं. यंत्र त्याचं होतं, पण त्याचं वाद्य झालं ते या मागण्यांमुळे, असं मी म्हणेन.

आता प्रश्न बोटांचा. व्हायोलिनला पडदे नसले तरी बोटाखाली तार तरी असते. इथे हवाच. शिवाय अँटेनाच्या जवळ सूर दाटीवाटीने बसतात आणि लांब गेलं की विरळ होत जातात, त्यामुळे ‘इतके सेंटिमीटर म्हणजे एक सूर’ असं पाठही करता येत नाही. क्लाराने यावर हवेतली बोटं बसवली. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून एक पक्का आकार करायचा. मूठ मिटलेली असताना एक सूर, मग दंड न हलवता बोटं टप्प्याटप्प्याने अँटेनाकडे उघडत जायची आणि वरचे सूर घ्यायचे. मोठी उडी असेल तरच हात हलवायचा. आणि प्रत्येक सूर लागल्याच्या क्षणी कानाने तपासून दुरुस्त करायचा, ऐकणाऱ्याला कळायच्या आत.

इथे एक गंमत आहे. आपल्याकडे पेटीवर मींड निघत नाही म्हणून आकाशवाणीने कित्येक वर्षं पेटीवर बंदी घातली होती. थेरमिनचं नेमकं उलटं. इथे मींड फुकट मिळते, नको असली तरी. सा वरून प ला जाताना मधलं सगळं ऐकू येतंच. कष्ट आहेत ते दोन सूर वेगळे ठेवण्यात. त्यासाठी डावा हात कडीकडे क्षणभर खाली न्यायचा, आवाज मिटवायचा, उजवा हात पुढच्या सुराला पोचला की परत उचलायचा. जास्त मिटवला तर धून तुटते, कमी मिटवला तर रडगाणं होतं. हे सगळं करताना अंग पुतळ्यासारखं स्थिर. माझी गाडी सात महिने इथेच अडकली आहे. ‘द स्वान’च्या पहिल्या ओळीपुढे मी अजून गेलेलो नाही.

30 ऑक्टोबर 1934 ला क्लाराने न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये आपली मैफल केली. पुढे गायक पॉल रोबसनबरोबर दौरे केले. 1945 मध्ये अनिस फुलेहान यांनी तिच्यासाठी लिहिलेला थेरमिन कॉन्चेर्टो स्टोकोव्स्कीच्या ऑर्केस्ट्राबरोबर वाजवला.

पण त्याच वर्षी हिचकॉकचा ‘स्पेलबाउंड’ आला. त्यात थेरमिन वाजवलं होतं सॅम्युअल हॉफमनने, जो पेशाने पायांचा डॉक्टर होता. वाजवलं छानच, पण त्यानंतर हॉलिवूडला हे वाद्य म्हणजे भीती, वेड आणि उडत्या तबकड्या एवढंच माहीत राहिलं. क्लारा या भुताटकीच्या आवाजांपासून कायम लांब राहिली. पैसा आणि प्रसिद्धी तिकडे होती, आणि ही बाई राखमानिनोव्ह आणि चायकोव्स्की वाजवत बसली. मला तिचा हा हट्ट फार आवडतो.

आणि तेरमेन? तो 1938 मध्ये सोव्हिएत रशियात परतला आणि पुढच्याच वर्षी त्याला अटक झाली. कोलिमाची छावणी, मग कैद्यांकडून संशोधन करून घेणारी प्रयोगशाळा. तिथे त्याने अमेरिकन राजदूताच्या भिंतीवरच्या लाकडी मानचिन्हात लपलेलं ऐकण्याचं यंत्र बनवलं, जे 1952 पर्यंत कुणाला सापडलं नाही (त्यावर वेगळा एपिसोड करायचाय). इकडे न्यूयॉर्कमध्ये क्लाराकडे त्याने बनवलेलं ते एक वाद्य होतं. बनवणारा जिवंत आहे की नाही, हे वर्षानुवर्षं तिला माहीत नव्हतं.

1977 मध्ये रॉबर्ट मूग, हो, सिंथेसायझरवाले तेच मूग, ज्यांची सुरुवातच पोरवयात थेरमिन बनवण्यापासून झाली, त्यांनी आणि त्यांच्या पत्नी शर्ली यांनी मिळून क्लाराचा अल्बम काढला, ‘द आर्ट ऑफ द थेरमिन’. तेव्हा ती 66 वर्षांची होती. 1991 मध्ये 95 वर्षांचा तेरमेन न्यूयॉर्कला आला आणि तिच्या घरी जाऊन तिला भेटला. 1993 मध्ये तो गेला, 1998 मध्ये ती.

तो अल्बम शोधून ऐका. हेडफोन लावून, आणि शक्यतो डोळे मिटून. राखमानिनोव्हच्या ‘व्होकलीझ’मध्ये सूर संपतो तिथे, अगदी शेवटी, तिचा डावा हात हळूच खाली येताना ऐकू येतो का बघा. चला, भेटू पुढच्या आठवड्यात.