चढाने घडवलेला घाट

इंदूरहून महूमार्गे खांडव्याकडे जाणाऱ्या जुन्या मीटर गेज मार्गावरचा पाताळपाणी–कालाकुंड हा टप्पा जेमतेम साडेनऊ किलोमीटरांचा. डिसेंबर २०१८ मध्ये तेथे हेरिटेज गाडी सुरू झाली आणि धबधबा, चोरल नदी व पावसाळी डोंगर पाहायला पर्यटक येऊ लागले. देखावा सुंदर आहेच. पण रुळांच्या कडेला जे जे दिसते, त्याचा उलगडा व्हायचा तर आधी येथला चढ ध्यानात घ्यावा लागतो. चाळीस फूट पुढे गेले की रूळ एक फूट वर जातो. आगगाडीच्या हिशेबात हा चढ फार खडा.

मुंबई–जबलपूर मार्ग १८७० मध्ये पूर्ण झाला, तोवर खांडवा मुंबईशी जोडले गेले होते. माळव्याची अफू आणि कापूस मात्र विंध्याच्या माथ्यावरच अडलेला. त्याच वर्षी तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी इंग्रज सरकारला या मार्गासाठी एक कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले. मुदत १०१ वर्षे, व्याज साडेचार टक्के. संस्थानिक कर्जात बुडाल्याच्या हकिकती आपण पुष्कळ वाचतो. येथे सावकार होळकर होते आणि ऋणको इंग्रज! खांडवा–सनावद भाग १८७४ मध्ये खुला झाला, नर्मदेवरचा पूल १८७६ मध्ये. घाटाचे काम सर्वांत अवघड. खोल खोदाई, उंच संरक्षक भिंती आणि एकूण ५१० यार्ड लांबीचे चार बोगदे. १८७८ च्या आरंभी गाडी घाट चढू लागली.

घाटाच्या पायथ्याशी कालाकुंड. मागून ढकलणारे जादा इंजिन, म्हणजे बँकर, जोडल्याखेरीज गाडी वर जाणे कठीण. ते जोडायला वेळ लागे, तोवर उतारू फलाटावर उतरत. त्या थांब्यातूनच पळसाच्या पानात बांधलेला कालाकुंडचा कलाकंद प्रसिद्धीस आला. वाफेची इंजिने जाऊन डिझेल आले, तरी चढ तोच राहिला. म्हणून थांबाही राहिला आणि कलाकंदही.

माथ्यावर पाताळपाणी. येथेही गाडी थांबे. रेल्वेच्या लेखी कारण ब्रेकच्या तपासणीचे. उतार सुरू होण्यापूर्वी ती हवीच. लोकांच्या लेखी ती टंट्यामामाला सलामी. इंग्रजांना झुंजवणाऱ्या टंट्या भिल्लाला ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपुरात फाशी झाली आणि त्याचा देह येथे रुळांजवळ आणून टाकला, असे परंपरा सांगते. रुळांशेजारी त्याचे ठाणे आहे. ज्या आगगाडीने इंग्रजांचे राज्य रानापर्यंत पोचवले, तिलाच भिल्लांनी आपल्या वीरापुढे थांबायला लावले. मला तर ही दोन्ही कारणे खरी वाटतात. एक यंत्राचे, दुसरे माणसांचे.

याच घाटातून जयपूर–काचीगुडा मीनाक्षी एक्सप्रेस जात असे. इंदूर, खांडवा, अकोला, हिंगोली, नांदेड, हैदराबाद ही गावे तिने एका धाग्यात ओवली होती. इंदूरची लेक नांदेडला दिली तरी गाडी न बदलता माहेरी येऊ शके. पुढे गेज बदलाच्या कामात हा धागा तुकड्यातुकड्यांनी तुटला आणि २०२३ च्या आरंभी महू–सनावद मीटर गेजही थांबली. नव्या ब्रॉडगेजची आखणी या खड्या चढाला टाळून केली आहे. ते योग्यच, जड मालगाड्यांना असला घाट परवडणारा नाही.

उरले ते साडेनऊ किलोमीटर. गाडी आता कोठे पोचवण्यासाठी नव्हे, नुसते पाहण्यासाठी धावते. मग पाहणे तरी पुरते व्हावे. मुलांना धबधबा दाखवताना आपण होळकरांचे कर्जही सांगावे, कलाकंदाचा पुडा सोडताना बँकरची गोष्ट सांगावी, आणि टंट्यामामापुढे घटकाभर थांबावे. देखावा पावसाबरोबर दर वर्षी परत येतो. गोष्टी मात्र सांगितल्या तरच राहतात.