गोष्ट किती पानांची?

नांदेडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले ते १९८५ साली, आणि अध्यक्ष होते शंकर पाटील. लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला पंचाण्णवावे संमेलन भरले एप्रिल २०२२ मध्ये. अध्यक्ष भारत सासणे. नांदेडच्या दोनच वर्षे आधी शेजारच्या अंबाजोगाईला व्यंकटेश माडगूळकर अध्यक्ष होते. तिघांचाही पिंड कथाकाराचा. तरी पाटलांची आणि सासण्यांची कथा शेजारी ठेवून पाहिली की एकाच नावाखाली आपण किती वेगळ्या वस्तू ठेवतो हे ध्यानात येते. पाटलांची कथा व्यासपीठावरून सांगून होते. माडगूळकर आणि द. मा. मिरासदारांच्या जोडीने त्यांनी ती गावोगाव सांगितलीही. सासण्यांचे नाव निघते ते दीर्घकथेच्या संदर्भात. तिला सलग वाचायला दुपार लागते आणि ती सांगायला कोणी उभे राहत नाही. दोघांपैकी कोणाचीही कथा अर्धवट वाटत नाही की ताणलेली वाटत नाही. मग कथेची योग्य लांबी ठरते तरी कशावर?

याचे तयार उत्तर दोन ठिकाणांहून मिळते. एक परदेशातून आलेले. एडगर ॲलन पो याने १८४२ साली हॉथॉर्नच्या कथांवर लिहिताना सांगितले, की कथा एका बैठकीत वाचून व्हावी, अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत. परिणामाची एकता हा त्याचा मुद्दा होता. त्याच वळणाचा विचार आपल्याकडे ना. सी. फडक्यांनी तंत्राच्या भाषेत मांडला. दुसरे उत्तर छापखान्याचे. हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’मध्ये १८९० पासून कादंबरी क्रमशः येई आणि तिच्या बाजूला येणाऱ्या लहान मजकुराला ‘स्फुट गोष्ट’ म्हणत. ‘मनोरंजन’मध्ये तिचे नाव झाले ‘संपूर्ण गोष्ट’. हे नावच बोलके आहे. या गोष्टीचा गुण एवढाच, की ती याच अंकात संपते, पुढच्या महिन्याची वाट पाहावी लागत नाही. म्हणजे लघुकथा हे बारसे होण्याआधी आपण हा प्रकार लांबीवरूनच ओळखत होतो, आणि ती लांबी संपादकाच्या पानांची होती. दोन्ही उत्तरे खरी आहेत, पण अपुरी आहेत. बैठक वाचकाची सोय सांगते, पान संपादकाची. गोष्टीला स्वतःला किती जागा लागते हे दोन्हींत येत नाही. नांदेड-लातूरच्या आसपासच्या कथेचा इतिहास पाहिला तर मला तिसरे माप दिसते: ऐकणाऱ्याला आधीच काय ठाऊक आहे. ठाऊक असलेले जितके जास्त, तितकी गोष्ट आखूड करता येते. जे ठाऊक नाही त्याची भरपाई लेखकाला पानांनी करावी लागते.

याचा सगळ्यात जुना पुरावा महानुभाव पंथाचा आहे, आणि तो या प्रदेशाला परका नाही. नांदेड जिल्ह्यातले माहूर हे दत्तात्रेयामुळे त्या पंथाचेही श्रद्धास्थान. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटाने ‘लीळाचरित्रा’त पंथसंस्थापक चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या. त्यातली एखादी लीळा पानभर जाते, एखादी तीन-चार वाक्यांत आटोपते. कोण बोलले, कुठे बसले होते, काय घडले, चक्रधर काय म्हणाले, संपले. माणसाचे वर्णन नाही, गावाची ओळख नाही. मराठी गद्याच्या उगमाशीच इतकी काटकसर कशी, याचे आपण कौतुक करतो आणि ते शैलीच्या खात्यावर टाकतो. पण ज्यांच्यासाठी हे लिहिले गेले त्यांनी चक्रधरांना पाहिले तरी होते, नाहीतर पाहिलेल्यांकडून ऐकले होते. बाइसा कोण हे त्यांना सांगायची गरज नव्हती. केशिराजबासांच्या ‘दृष्टान्तपाठा’त ११४ दृष्टान्त आहेत आणि तेही असेच थोडक्यात आहेत, कारण आधी सूत्र येते, मग दृष्टान्त, मग दार्ष्टान्तिक. आंधळ्यांनी हत्ती चाचपल्याची गोष्ट तिथे लहान राहू शकते, कारण तिचा अर्थ वाहून नेणारे दोन गडी पुढे-मागे चालत आहेत. याहून महत्त्वाचे पुढे घडले. चौदाव्या शतकात याच पंथात ‘स्थानपोथी’ तयार झाली. चक्रधर कुठे राहिले, देऊळ कोणत्या दिशेला, ओटा कुठे, हे नोंदवणारा हा ग्रंथ आहे. त्याची गरज का पडली? पाहिलेली माणसे गेली होती. लीळा होती तेवढीच राहिली. पण ती समजायला आता शेजारी दुसरी पोथी लागत होती. वाचकाच्या डोक्यातले जे नाहीसे झाले त्याची जागा कोणीतरी पानांनी भरून काढली.

आता सातशे वर्षे ओलांडून रा. रं. बोराड्यांकडे येऊ. त्यांचा जन्म १९४० चा, लातूरजवळच्या काटगावचा. तेव्हा लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. स्वतंत्र लातूर जिल्हा झाला १९८२ साली. ‘पेरणी’ हा त्यांचा पहिला कथासंग्रह १९६२ चा, पुढे ‘मळणी’, ‘वाळवण’, ‘राखण’. ही शीर्षके शेतकऱ्याच्या वर्षाच्या कामांची यादी आहे आणि ती वाचतानाच कळते की लेखकाने वाचक कोण धरला आहे. राखण म्हणजे काय हे सांगत बसायचे नाही, मचाण दाखवायचे नाही. रात्री जोंधळ्यात माणूस एकटा का असतो हे ज्याला माहीत आहे त्याच्यासाठी गोष्ट थेट भांडणापासून सुरू करता येते. हीच गोष्ट भास्कर चंदनशिवांची. ते लातूरला लागून असलेल्या कळंबच्या भागातले. त्यांची ‘लाल चिखल’ ही कथा शाळेच्या पाठ्यपुस्तकातून घरोघरी गेली. टोमॅटोला भाव नाही, आणि बाप भरल्या बाजारात आपलाच माल पायाखाली तुडवतो. कथा काही पानांचीच. ती आखूड राहू शकली, कारण हंगामात भाव पडणे म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या खेड्यात कोणाला समजावून द्यावे लागत नाही. पण याच बोराड्यांनी १९७१ मध्ये ‘पाचोळा’ लिहिली तेव्हा कथा पुरली नाही, कादंबरी लागली. कामे तीच, गाव तसेच, बोली तीच उस्मानाबादी. फरक सांगणाऱ्याचा आहे. गंगाराम शिंप्याच्या घराची वाताहत त्याची बायको पारबती सांगते. गावाला ही हकिकत ठाऊकच असणार; पारावर ती पाच वाक्यांत सांगून झाली असती. चुलीपाशी काय चालले होते ते मात्र पाराला ठाऊक नाही, आणि कादंबरीची पाने त्यावर खर्च झाली आहेत. लेखक तोच, प्रदेश तोच, लांबी मात्र बदलली. म्हणून लांबी हा लेखकाच्या स्वभावाचा भाग आहे, कोणी दमदार असतो आणि कोणी आटोपशीर, हे मला पटत नाही.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा येईल. मराठवाड्यातल्या लेखकाला कुठे स्वतःचे व्यासपीठ होते? निजामी राजवटीत शिक्षणाची वरची भाषा उर्दू, सभा भरवायची तर परवानगी. सप्टेंबर १९४८ मध्ये ती राजवट संपल्यानंतरही कथा छापायची तर ती पुण्या-मुंबईला पाठवायची. त्या मासिकांची पाने मोजकी आणि त्यांच्याच हातात कात्री. तेव्हा लांबी त्यांनी ठरवली, वाचकाच्या माहितीने नव्हे. या आक्षेपात तथ्य आहे, पण त्यालाच आडवा जाणारा पुरावा त्याच राज्यात आहे. दिवाकर कृष्ण हैदराबादेत वकिली करीत. नांदेड आणि लातूर ज्या संस्थानात होते त्याच्या राजधानीत बसून हा माणूस ‘मनोरंजन’ला कथा पाठवी. १९२७ साली त्यांचे पुस्तक आले, ‘समाधि व इतर सहा गोष्टी’. एका पुस्तकात सातच गोष्टी. नंतरच्या ‘रूपगर्विता’ संग्रहाचीही वीण तशीच, शीर्षककथा अधिक सहा. मासिके तीच, पाने तेवढीच, आणि इतरांच्या चटपटीत गोष्टींच्या शेजारी त्यांची कथा सावकाश पसरते. कारण घटना सांगणे हे तिचे काम नव्हते. मनातला कोंडमारा हा कथेचा विषय होऊ शकतो हेच वाचकाला नवे होते, आणि नव्याची ओळख घाईत होत नाही. पानांची टंचाई असली तरी संपादकाला गोष्ट पटली की पाने सापडतात, हे दिवाळी अंक चाळणाऱ्याला सांगायला नको. आणि परगावच्या वाचकासाठी लिहिण्याचा परिणाम आखूडपणाकडे नव्हे, उलट दिशेला झाला. बोलीतल्या कथांच्या पुस्तकांना शेवटी कठीण शब्दांची यादी जोडलेली असते. ती यादी मला नेहमी एखाद्या छोट्या स्थानपोथीसारखी वाटते. लेखकाने गोष्टीत घेतली नाही, म्हणून प्रकाशकाने मागच्या पानावर नेऊन ठेवलेली लांबीच ती.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे, आणि तो कीर्तनातून येतो. ऐकणाऱ्याला ठाऊक असेल तर गोष्ट आखूड होते म्हणता. मग हरिश्चंद्राचे आख्यान तासभर का चालते? सभामंडपातल्या शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही रोहिदास, तारामती, डोंब, स्मशान, सगळे पाठ आहे, तरी बुवा उत्तररंगात कुठलीच पायरी गाळत नाहीत आणि गाळली तर तीच म्हातारी नाराज होईल. इथे माझे माप मला दुरुस्त करून घ्यावे लागते. ठाऊक असणे लेखकाला आखूड करण्याची मुभा देते, सक्ती करीत नाही. कीर्तनातली लांबी गोष्टीची नसते, बसण्याची असते. लोक तिथे काय झाले हे जाणून घ्यायला येत नाहीत, झालेल्याच्या सोबत तासभर राहायला येतात. म्हणून तेच बुवा पूर्वरंगात अभंगाचा अर्थ खुलवताना दृष्टान्त द्यायची वेळ आली की दोन मिनिटांत देऊन मोकळे होतात. एकच माणूस, एकच रात्र, दोन लांब्या. व्यासपीठावरच्या कथाकथनाने यातले काय घेतले हे पाहण्याजोगे आहे. तिथेही हशा कुठे पिकणार हे श्रोत्यांना आधी माहीत असते आणि तरी ते दुसऱ्यांदा ऐकतात. सांगायच्या कथेत विनोदाचा भाग सैल सोडता येतो, वर्णनाचा नाही. वर्णन लांबले की मागच्या खुर्च्या वाजायला लागतात.

तिसरा आक्षेप आजच्या कथेचा. आसाराम लोमटे शेजारच्या परभणीचे. त्यांच्या ‘आलोक’ संग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातल्या कथा लांब आहेत, आणि त्या ज्या खेड्यांविषयी आहेत ती खेडी वाचकाला परकी नाहीत. निवडणूक, जात, सोसायटी, ट्रॅक्टरचा हप्ता, सगळे रोजच्या पेपरात येते. मग माझ्या मापाने या कथा आखूड व्हायला हव्या होत्या. मला वाटते इथे ठाऊक असणे आणि ठाऊक आहे असे वाटणे यांत फरक करायला हवा. बोराड्यांच्या वाचकाला खळे ठाऊक होते. आजच्या वाचकाला गाव ठाऊक आहे असे वाटते, कारण त्याने गावाच्या बातम्या वाचलेल्या असतात. लोमट्यांना नुसते नवे सांगायचे नाही, आधीचे पुसूनही काढायचे आहे, आणि पुसण्याला सांगण्याहून जास्त जागा लागते. एक माणूस दबतो तेव्हा त्याच्यावर कोण कोण कुठून टेकले आहे हे सगळे उभे करावे लागते. सासण्यांच्या दीर्घकथेत कारण आणखी वेगळे. तिथे गूढ आणि भय आहे, आणि भय हे वाचकाने घरून आणलेले नसते. ते हवेत साठू द्यावे लागते. लघुकथेच्या मापाने कापले तर तेच भय चमत्कृती होऊन बसते. दीर्घकथेला कोणी सैल कथा किंवा चुकलेली कादंबरी म्हणतात तेव्हा मला म्हणून आश्चर्य वाटते. सैलपणा पानांनी मोजायचा नसतो. वाचकाला जे आधीच कळले आहे ते पुन्हा सांगितले की पाच पानांची कथाही सैल असते.

हे माप एकदा लावून ठेवले की ते कायम राहत नाही, हीच त्यातली अडचण. ‘रझाकारात’ एवढा एक शब्द नांदेडच्या कंधार-बिलोलीकडच्या किंवा लातूरच्या निलंगा-उदगीरकडच्या म्हाताऱ्या माणसासमोर उच्चारला, की १९४८ च्या उन्हाळ्या-पावसाळ्याचे सगळे त्याच्यापुरते सांगून झाले. नातवासाठी मात्र त्याच शब्दाला परिच्छेद लागतो आणि नगर-नाशिकच्या वाचकासाठी पान. किल्लारीचेही तसेच होत चालले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर काही वर्षे औसा तालुक्यातल्या लेखकाला नुसते ‘त्या पहाटे’ म्हणून पुढे जाता आले असते. आज लातूरला शिकवणीसाठी खोली घेऊन राहणारी मुले त्यानंतर जन्मलेली आहेत. त्यांना दगडमातीची जाड भिंत, माळवद, भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावातल्या सारख्या घरांच्या ओळी, हे सगळे दाखवल्याशिवाय गोष्ट सुरू होत नाही. आणि ‘मळणी’? मधे रोवलेला तिवडा, त्याच्याभोवती गोल फिरणारे बैल, पात, रास, वाऱ्याची वाट बघत वावडीवर उभा माणूस. हे ज्या पिढीच्या डोळ्यांसमोर होते तिला बोराड्यांच्या एका ओळीत अख्खे खळे दिसे. आता सोयाबीनच्या शेतात हार्वेस्टर येतो आणि तासा-दोन तासांत एकर मोकळे करून जातो. ‘मळणी’तल्या कथांची पाने १९६७ मध्ये संग्रह निघाला तेव्हा होती तेवढीच आजही आहेत. उदगीर-अहमदपूरच्या एखाद्या महाविद्यालयात त्या शिकवायला घेतल्या, तर मराठीच्या प्राध्यापकाला पहिला तास खडूने फळ्यावर खळ्याची आकृती काढण्यात घालवावा लागेल.