आरक्षणाआधीच्या बायका, आरक्षणानंतरचे नायगाव

#धागा

नायगाव म्हटले की इतिहासाच्या विद्यार्थ्याला आधी सावित्रीबाईंचे जन्मगाव आठवते. हा धागा मात्र दादर-परळच्या कुशीतल्या, गिरण्या आणि बीडीडी चाळींच्या नायगावचा आहे.

२२ फेब्रुवारी १९४६. नौसैनिकांच्या बंडाला पाठिंबा देण्यासाठी गिरणगाव रस्त्यावर उतरले होते. परळमध्ये गोळीबार झाला. परळ महिला संघाच्या कमल दोंदे मृत्युमुखी पडल्या, कुसुम रणदिवे यांच्या पायाला गोळी लागली. त्यांच्यासोबत कुसुमताईंची बहीण अहिल्या रांगणेकर होत्या.

याच अहिल्याताई १९६१ साली मुंबई महापालिकेत निवडून गेल्या. मृणाल गोरे यांनीही त्याच वर्षी गोरेगावातून पालिकेत प्रवेश केला. तेव्हा महिलांसाठी एकही प्रभाग राखीव नव्हता. १९७२ मध्ये महागाईविरोधात बायकांना लाटणी घेऊन मोर्चात उतरवणाऱ्या समितीतही या दोघी होत्या, आणि प्रमिला दंडवतेही.

आता १९७७ पाहा. आणीबाणीनंतरच्या त्या लोकसभेत अवघ्या १९ स्त्रिया निवडून आल्या. आजवरचा हा नीचांक. पण मुंबईच्या सहा जागांपैकी दोन स्त्रियांनी जिंकल्या: उत्तर मुंबईतून मृणालताई, उत्तर-मध्य मुंबईतून अहिल्याताई. म्हणजे बरोबर एक तृतीयांश, तेही कायद्याविना! १९८० मध्ये उत्तर-मध्यची जागा प्रमिलाताईंकडे गेली.

‘मग आरक्षण हवे कशाला?’ हा प्रश्न इथे हमखास येतो. माझ्या मते हीच उदाहरणे त्याचे उत्तर देतात. नगरसेविका होण्याआधी ज्यांना गोळीबार, मोर्चे आणि संघटनेची वीस-वीस वर्षे पाठीशी असावी लागत होती, त्यांच्या शेजारच्या किती पुरुषांकडून एवढी अपेक्षा होती?

महाराष्ट्राने १९९० मध्ये स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखल्या, ७४व्या घटनादुरुस्तीच्याही आधी. त्या दुरुस्तीने एक तृतीयांशाची हमी दिली, २०११ मध्ये राज्याने ते प्रमाण ५० टक्क्यांवर नेले. २०१२ च्या निवडणुकीत मुंबईच्या २२७ प्रभागांपैकी ११४ महिलांसाठी राखीव होते.

पण राखीव प्रभाग सोडतीने ठरतात आणि बदलतात. पाच वर्षे गल्ली न् गल्ली ओळखीची झालेल्या नगरसेविकेचा प्रभाग पुढच्या सोडतीत खुला होऊ शकतो, आणि मग पक्ष तिकीट देताना पुन्हा पुरुषाकडे पाहतो. (फलकावर तिच्यापेक्षा पतीचा फोटो मोठा असतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहेच.)

विधानसभेत तर सोडतही नाही. १९९० पासून आधी नायगाव आणि २००८ च्या पुनर्रचनेनंतर वडाळा, या मतदारसंघांतून कालिदास कोळंबकर सातत्याने निवडून आले आहेत. तो त्यांचा जनाधार. त्याबद्दल तक्रार नाही. पण याच काळात पालिकेच्या पायरीवर शेकडो नगरसेविका घडल्या. त्यांच्यासाठी पुढची पायरी कुठे होती?

२०२३ च्या १०६व्या घटनादुरुस्तीने ती पायरी कागदावर आखली: लोकसभा व विधानसभांत एक तृतीयांश. अट मात्र आधी जनगणना आणि मग मतदारसंघ पुनर्रचनेची. २०२४ ची विधानसभा निवडणूक त्या आरक्षणाविनाच झाली.