डबल एक्सएलच्या पुढे काय?

शिरूर तालुक्याच्या पश्चिम भागातल्या केंदूरमध्ये, संत कान्हूराज महाराजांच्या या गावात, लग्न ठरले की आधी चर्चा होते ती बस्त्याची. पूर्वी बस्ता बांधताना कोणाच्या मापाचा प्रश्नच येत नसे. बायकांना लुगडी किंवा साड्या, पुरुषांना टॉवेल-टोपी आणि जवळच्यांना शर्टपीस-पँटपीस, असा सगळा पोशाख कापडाच्या रूपातच दिला जाई. तो शिवायचा कसा, हे ज्याने त्याने आपल्या शिंप्याकडे जाऊन ठरवावे. आता हळदीला मुलींना एकसारखे पिवळे कुर्ते लागतात, करवलीला तयार घागरा लागतो, नवरदेवाच्या मित्रांना जॅकेट लागते. शिक्रापूरच्या बाजारपेठेत किंवा थेट पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर वीस कुर्त्यांचा गठ्ठा सुटला, की त्यातल्या दोघी-तिघींच्या वाट्याला एकच वाक्य येते: 'हा पीस तुमच्या साइझमध्ये येत नाही.' मग त्या दोघी-तिघी दुसऱ्याच रंगाचे काहीतरी घेतात, किंवा 'मला नकोच होता' असे म्हणून बाजूला होतात.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. २०१९-२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष यांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त होते. त्याच पाहणीत १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कृश आढळल्या. म्हणजे दुकानातल्या एस ते एक्सएल या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना मोठा ग्राहकवर्ग उभा आहे. बाळंतपण, थायरॉइड, वाढते वय, उंची, एखादे अपंगत्व अशी कारणे त्याहून वेगळी. सर्वांच्या मापाचे आणि तरीही नीटनेटके, चालू पद्धतीचे कपडे मिळावेत, ही अपेक्षा चैनीची म्हणता येणार नाही. नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या मुलीला तंबूसारखा कुर्ता घालून जावे लागत असेल, तर तिचा निम्मा आत्मविश्वास दारातच संपतो.

एक ४०, तीन अर्थ

ग्राहकाचा पहिला गोंधळ आकड्यांचा असतो. पँटवर ४० लिहिलेले असेल तर ती कमर आहे आणि इंचांत आहे. बायकांच्या कुर्त्यावरचे ४० म्हणजे बहुधा छाती, तीही इंचांत. पुरुषांच्या फॉर्मल शर्टवर मात्र ३९, ४०, ४२ असे जे आकडे असतात, ते कॉलरचे आणि सेंटीमीटरमधले असतात. बनियनवरचे ८५, ९०, ९५ हे छातीचे सेंटीमीटर. एकाच घरातल्या एकाच कपाटात ही चार मापे सुखाने नांदत असतात, आणि 'मला चाळीस लागतो' असे सांगून मुंबईच्या भाचीकडून कपडे मागवणाऱ्या मामांची फजिती ठरलेली असते.

अक्षरांचा घोळ त्याहून मोठा. एम म्हणजे ३८ हा ढोबळ हिशेब असला तरी त्याला कोणतेही बंधन नाही. एका कंपनीत एल बसणाऱ्या स्त्रीला दुसऱ्या कंपनीत डबल एक्सएल लागतो. शिवाय तक्त्यात दिलेले माप अंगाचे आहे की तयार कपड्याचे, हेही पाहावे लागते. तयार कपड्याची छाती ४४ इंच असेल, तर तो ४० ते ४१ इंच छातीच्या व्यक्तीला सैलसर बसेल. ४४ इंच छातीच्या व्यक्तीला त्यात हातही उचलता येणार नाही. खरेदीतल्या निम्म्या चुका येथेच होतात.

कायद्याची थोडी मदत आहे, पण ती फारशी कोणाला ठाऊक नाही. वैधमापन शास्त्राच्या नियमांत २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार सुटे विकल्या जाणाऱ्या कपड्यांवर एस, एम, एल अशा खुणांबरोबरच सेंटीमीटर किंवा मीटरमधले मापही द्यावे लागते. चिठ्ठीवर ते शोधावे. अक्षरावर विसंबण्यापेक्षा हा आकडा कधीही बरा.

नऊवारीला साइझ नव्हता

महाराष्ट्राच्या जुन्या पोशाखाकडे पाहिले तर हा सगळा पेच किती नवा आहे ते कळते. नऊवार लुगड्याला माप नसते. नेसणारीच्या अंगाप्रमाणे ओचा आणि काष्टा कमीजास्त होतो. पुढे गाठ मारायची खणाची चोळी अंग भरले तरी काही काळ निभावून नेई. पुरुषांची बाराबंदी तर बंदांनीच बांधायची. बंद सैल केले की काम झाले. सोलापूरला सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत ती आजही दिसते. धोतराबद्दल बोलायलाच नको. कपडा माणसाशी जुळवून घेत असे. तयार कपडे आले आणि जुळवून घेण्याची जबाबदारी माणसावर आली.

पाश्चात्त्य देशांत हे आधी घडले. न्यूयॉर्कमध्ये १९०४ मध्ये लीना ब्रायंट या लिथुआनियातून आलेल्या शिवणकाम करणाऱ्या विधवेने दुकान काढले. बँकेच्या कागदांत नावाची अक्षरे उलटसुलट झाली आणि लीनाचे 'लेन' झाले, अशी हकीकत सांगतात. गरोदर स्त्रियांसाठी चारचौघांत घालण्याजोगे कपडे शिवणे हा तिचा पहिला उद्योग. पुढे स्थूल स्त्रियांना बाजारात काहीच मिळत नाही हे ओळखून 'लेन ब्रायंट'ने मोठ्या मापांकडे मोर्चा वळवला आणि ते या क्षेत्रातले सर्वांत जुने नाव ठरले. १९३९ ते ४१ या काळात अमेरिकी सरकारने सुमारे १५ हजार स्त्रियांची मापे घेतली आणि त्यांवर आधारित प्रमाणित तक्ता १९५८ मध्ये आला. तो फार काळ टिकला नाही. १९८३ मध्ये मागे घेण्यात आला. तरी अशाच परदेशी तक्त्यांत थोडा फेरफार करून भारतीय कंपन्यांनी वर्षानुवर्षे काम भागवले. मराठी बाईचे खांदे, उंची आणि कमरेचा घेर त्यात कधी मोजलाच गेला नव्हता.

ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळाने राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे 'निफ्ट'ने, 'इंडियासाइझ' हा प्रकल्प हाती घेतला. मुंबई, दिल्ली, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता आणि शिलाँग या सहा शहरांतून १५ ते ६५ वयाच्या २५ हजार स्त्री-पुरुषांची मापे त्रिमितीय स्कॅनरने घ्यायची आणि त्यातून खास भारतीय तक्ता तयार करायचा, अशी ही योजना. केंदूरच्या शेतकरी स्त्रीची ठेवण मुंबईच्या केंद्रावर कितपत उमटेल, अशी शंका घेण्यास जागा आहे. पण काहीच नसण्यापेक्षा ते बरे.

एकाच मापाची सक्ती काय करते, याचा अनुभव महाराष्ट्राने नुकताच घेतला. २०२४-२५ मध्ये राज्याने 'एक राज्य, एक गणवेश' योजनेखाली सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांचे गणवेश मध्यवर्ती पद्धतीने कापड घेऊन बचत गटांकडून शिवून घेतले. गणवेश उशिरा मिळाल्याच्या आणि ते मापात बसत नसल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये हा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. गावातल्या शिंप्याला पोर समोर उभे करून माप घेता येते, हा साधा फायदा मंत्रालयातून मिळत नाही.

कोणाकडे काय मिळते?

भारतात मोठ्या मापांसाठी स्वतंत्र दुकानांची साखळी काढण्याचा ठळक प्रयत्न किशोर बियाणी यांच्या फ्युचर समूहाने केला. 'अ लिटल लार्जर' या शब्दांची आद्याक्षरे घेऊन त्यांनी 'ऑल' हे नाव ठेवले होते. याच नावाने २०१६ मध्ये मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकमध्ये मोठ्या मापांच्या मॉडेल्सचा स्वतंत्र कार्यक्रम झाला, आणि पुढच्याच वर्षी गोव्याचे डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी 'ऑल'साठी कपडे केले. स्थूल मॉडेल रॅम्पवर चालल्या, ही तेव्हा बातमी होती. पुढे समूहातील कंपन्या दिवाळखोरीच्या कारवाईत सापडल्या, त्यामुळे जुन्या याद्या हाती घेऊन आज बाजारात जाण्यात अर्थ नाही.

आज पुण्यात प्रत्यक्ष अंगावर घालून पाहायचे असेल, तर टाटा समूहातील ट्रेंट कंपनीच्या 'वेस्टसाइड'मध्ये 'जिया' या नावाखाली मोठ्या मापांचे स्त्रियांचे कपडे मिळतात. 'पँटलून्स'ने 'आल्टो मोडा' या नावाने असाच प्रयोग केला. 'एच अँड एम'चा मोठ्या मापांचा स्वतंत्र विभाग आहे, मात्र त्यात पाश्चात्त्य धाटणीचाच भरणा. ऑनलाइन बाजारात 'मिंत्रा'चे 'स्टोरी' हे नाव याच ग्राहकांसाठी आहे. आयआयटी मुंबईच्या दोन पदवीधरांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या 'बेवकूफ'चे टी-शर्ट तरुणांत चालतात आणि त्यांत मोठी मापे वेगळी दिलेली असतात. पुरुषांच्या बाबतीत पर्याय कमी. 'जॉन प्राइड' हे मुख्यतः मोठ्या मापांवर उभे असलेले नाव. 'फॅबइंडिया'चा सरळ कापाचा, बाजूला चिरा असलेला कुर्ता खास मोठ्या मापांसाठी नसूनही अनेकांना सोयीचा पडतो. ट्रेंटचेच 'झुडिओ' स्वस्त आहे. पण ते ऑनलाइन विकत नाहीत, दुकानात जावेच लागते.

येथे एक सावधगिरी हवी. अनेक कंपन्या मोठे माप म्हणजे मध्यम मापाचा नमुना चहूबाजूंनी फुगवणे, इतकेच समजतात. वास्तविक माणसाचे अंग सुटले तरी खांद्याची हाडे त्या प्रमाणात रुंदावत नाहीत. मग छाती बसते, खांदा मात्र दंडावर उतरतो आणि मुंढ्यात काचते. खरोखर काळजीने केलेल्या कपड्यात डबल एक्सएलनंतर नमुना नव्याने कापलेला असतो: खांदा थोडाच वाढतो, मुंढा खोल असतो, बाहीचा घेर जास्त असतो, छातीला टक्स असतात. दुकानात हे पारखायला कपडा अंगावर घालून दोन्ही हात वर करावेत आणि मग खुर्चीवर बसावे. ऑनलाइन घेताना तक्त्यात एल आणि ४एक्सएल यांच्या खांद्याचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. खांदा चार-पाच इंचांनी वाढलेला दिसला, तर तो कपडा सोडून द्यावा. सध्या चलती असलेला 'ओव्हरसाइझ' टी-शर्ट हाही मोठ्या मापाचा कपडा नव्हे. तो सडपातळ मुलांना सैल दिसावा म्हणून कापलेला असतो.

जाड माणसाने गडद रंगच घालावेत, आडव्या रेघा टाळाव्यात, हा उपदेश आता पुरे झाला. पुष्कळदा तो दुकानात काळ्या आणि निळ्यावाचून दुसरा मालच नसल्यामुळे केलेला असतो.

परत पाठवण्याचा खर्च

शहरातल्या ग्राहकाला तीन मापे मागवून दोन परत करता येतात. केंदूरसारख्या गावी पार्सल येते, पण परत नेण्याची सोय प्रत्येक विक्रेता देतोच असे नाही. पैसे भरण्याआधी आपला पिन कोड टाकून 'रिटर्न पिकअप' उपलब्ध आहे का, हे पाहणे म्हणूनच आवश्यक. ई-कॉमर्सबाबतच्या २०२० च्या नियमांनुसार परतीच्या अटी आधी स्पष्ट सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. माल सदोष निघाला किंवा वर्णनाप्रमाणे नसला, तर तो परत घेण्यास नकार देता येत नाही. दिलेल्या तक्त्यात छाती ४६ इंच असताना हाती ४३ इंचांचा कुर्ता आला, तर तो वर्णनाप्रमाणे नाही. टेप लावून छायाचित्र काढून ठेवावे. तक्ता बरोबर होता आणि आपणच चुकीचे माप निवडले, तर मात्र विक्रेत्याच्या अटींवर अवलंबून राहावे लागते. दाद मागण्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

शिंप्याला पर्याय नाही

इतके करूनही साडीवरच्या ब्लाऊजचा प्रश्न उरतोच. ताणले जाणारे तयार ब्लाऊज आले आहेत, पण काठापदराच्या साडीवर ते शोभत नाहीत असे अनेकींचे मत आहे आणि ते चुकीचे नाही. साडीबरोबर येणारे ब्लाऊजपीस बहुधा ८० सेंटीमीटरचे असते. छाती मोठी आणि बाही कोपरापर्यंत हवी असेल, तर ते पुरत नाही. एक मीटर लागते. अशा वेळी बाह्यांना काठ लावून उरलेला भाग त्याच रंगाच्या टू बाय टूमध्ये शिवणे ही जुनी युक्ती अजूनही उपयोगी पडते. कुर्त्याचे कापड घेताना पन्हा विचारावा. पुढचा आणि मागचा भाग पन्ह्यात शेजारी शेजारी बसत नसेल, तर दोन उंचींचे कापड घ्यावे लागते, आणि दुकानदाराने अंदाजाने फाडलेले अडीच मीटर उंच व्यक्तीला कमी पडू शकते.

घरी माप घेताना टेप अंगाला टेकलेला, पण आवळलेला नसावा. छाती, कंबर आणि सीट यांची मापे पातळ कपड्यावरून, दुसऱ्या कोणाकडून घ्यावीत. श्वास रोखून घेतलेले माप स्वतःलाच फसवते. शिवायला टाकताना दोन्ही बाजूंना किमान एक इंच मार्जिन आत ठेवायला सांगावे. तयार कपड्यांत ते जवळजवळ कधीच नसते, आणि तेवढ्या एका इंचावर तोच कुर्ता पुढची दोन-तीन वर्षे उसवून घालता येतो.